शंभरातला एकशेएकावा

अण्णाप्पा मगदूमनं आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला. एकदा मालवणला लाटेनं त्याच्या चपला नेल्या तेव्हा, आणि दुसऱ्यांदा त्या कुठून नेल्या ते बायकोला, चंदनावहिनींना, दाखवायला गेला तेव्हा. तरीसुद्धा त्यानं केलेली शंभर दीपगृहं आज लोकांच्या घरात उभी आहेत. शंभर की एकशेएक, यावरूनच पुढचं सगळं रामायण झालं. ते सांगायचा अधिकार माझा आहे, कारण त्यापायी मला एसटीनं गडहिंग्लजपर्यंत फरफटत नेलं होतं.

अण्णाप्पा माझा शेजारी. उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती पातळ आहे. तो पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर तो आधी लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि पडलेल्या खळग्यात लोखंडाचा रस ओतायचा. नमुना केसभर चुकला की हजार नग चुकले. शिरोली एमआयडीसीत अण्णाप्पानं अडतीस वर्षं हे काम केलं आणि निवृत्त झाल्यापासून एकच वाक्य बोलत आला: "अडतीस वर्सांत माझा एक नग परत आला न्हाय, मास्तर."

हे वाक्य त्यानं लग्नात सांगितलंय, रेशनच्या रांगेत सांगितलंय, आणि एकदा मयताला गेलो असताना मयताच्या थोरल्या भावाला सांगितलंय. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. तेच तेच सांगायची सवय मलाही आहे, पण मला त्याचा पगार मिळत होता.

तर दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आदिती आली. आदिती ही अण्णाप्पाची मुलगी, नवऱ्याबरोबर पोर्तुगालला असते. तिनं वडिलांसाठी थर्मोकोलच्या खोक्यात एक वीतभर उंचीची वस्तू आणली. पांढरी, लाल पट्ट्यांची, वर काचेची खोली. खोक्यात एक कागदही होता, खाली कुणाची तरी सही.

वस्तू टेबलावर ठेवली आणि गल्ली गोळा झाली. चंदनावहिनी म्हणाल्या, जैन बस्तीपुढचा मानस्तंभ दिसतोय. आमच्या समोरचा बाळासो, ज्याच्या सहा म्हशी आहेत आणि आवाज सातव्या म्हशीचा आहे, तो म्हणाला, "दीपमाळ हाय की ही! दिवं कुठं लावायचं पण?" आणखी कुणाला साखर कारखान्याचं धुराडं दिसलं. समुद्राचं काही निघालं की माझ्याकडं यायचं ही गल्लीची रीत, म्हणून मी पुढं होऊन सांगितलं की हे दीपगृह, जहाजांना खडकांपासून सावध करतं. बाळासो म्हणाला, "मग कोल्लापुरात कुणाला सावध करायचं?" सगळे हसले. शिक्षकाचा मान आता राहिलेला नाही.

अण्णाप्पानं मात्र वस्तू उचलली, उलटी केली, नखानं खरवडली. "पलास्टर हाय हे," तो तुच्छतेनं म्हणाला. मग बुडाशी त्याची नजर थांबली. तिथं लिहिलं होतं: २१२/१२००.

आदितीनं समजावलं. अशी फक्त बाराशे केली, त्यातलं हे दोनशे बारावं. बाराशे झाल्यावर साचा मोडून टाकला. पुन्हा कधी होणार नाही, म्हणून लोक जमवतात आणि पुढं चढ्या भावानं विकतात. तिनं मोबाइलवर शोधून दाखवलं. असंच एक दीपगृह, खोक्यासकट आणि कागदासकट, नुकतंच दोनशे युरोला गेलं होतं. म्हणजे वीस हजार रुपये. खोक्याशिवाय असेल तर बारा.

"खोकं कुठाय?" अण्णाप्पा ओरडला.

खोक्यात चंदनावहिनींनी सकाळीच माती भरून कोथिंबीर पेरली होती. वहिनींच्या हाती रिकामं भांडं चार तासांपेक्षा जास्त रिकामं राहत नाही. पुढं ती उगवल्यावर तीन आठवडे त्या घरात आठ हजार रुपयांची कोथिंबीर आमटीत पडत होती, आणि अण्णाप्पा प्रत्येक काडीकडं बघून उसासा टाकत होता.

पण त्याला खरं लागलं होतं ते खोक्याचं नव्हे. एका संध्याकाळी ओट्यावर बसून तो म्हणाला, "मास्तर, आमच्यात नगावर नंबर घालत्यात तो कशाला, ठाव हाय? तुटल्यावर कुणाला धरायचं म्हणून. आन् त्या मानसानं नंबर घातला, सही केली, लोक कपाटात ठेवत्यात. माझं अडतीस वर्सांचं काम पंपाच्या पोटात बसलंय. कुणी उघडून बघायचं झालं तर पंप बिघडाय पायजे."

मला त्याची कीव आली. ती मी दाखवली नाही, हीच माझी चूक. मी म्हणालो, "मग कर की तू पण." हे मी सहज बोललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता भिंतीपलीकडं रंधा सुरू झाला.

दीड महिना तो सागवानाशी झटत होता. दीपगृह कसं असतं हे मला विचारायचा आणि मी सांगितलेलं ऐकायचा नाही. मी म्हणालो, दार एवढं मोठं नसतं. तो म्हणाला, "तेलाचा डबा घिऊन आत शिरायचं म्हंजे मोठं पायजेच." झालेलं दीपगृह खाली रुंद, वर निमुळतं, थोडं धुराड्यावर गेलेलं आणि थोडं दीपमाळेवर, पण हातात घेतलं की खाली ठेवावंसं वाटेना. मी भूगोलाचा माणूस, मला ते चुकीचं दिसत होतं आणि आवडत होतं. त्याचा मला रागही आला.

ओळखीच्या फौंड्रीतून त्यानं ते बिडाच्या लोखंडात ओतून घेतलं. एकेक नग सव्वादोन किलोचा. शंभर नग, शंभर थर्मोकोलची खोकी, आणि प्रत्येकात मी लिहून दिलेला कागद: 'फक्त शंभर नग. यानंतर लाकडी नमुना नष्ट करण्यात येईल.' खाली सही, अण्णाप्पा मगदूम. बुडावर तो स्वतः हातोडीनं आकडे ठोकायचा. १/१००, २/१००, ठाक, ठाक. भिंत पातळ आहे हे मी सांगितलंच.

"मला कितवा?" चंदनावहिनींनी एकदा विचारलं.

"तू घरचीच की. तुला नंबर कशाला?" अण्णाप्पा म्हणाला, आणि अठ्ठेचाळिसावर हातोडी मारली. वहिनी चहा ठेवायला गेल्या.

दीड हजाराला एक, असा भाव ठेवला. मला वाटलं पाच खपतील, त्यातलं एक मला घ्यावं लागेल. पण कोल्हापूरकराला 'पुन्हा मिळणार न्हाय' एवढं सांगितलं की बास. पांढऱ्या रश्शाच्या शेवटच्या वाटीला जी गर्दी होते तीच इथं झाली. आदितीनं फोटो कुठल्या कुठं पाठवले आणि सात नंबरचा नग तर पुण्याच्या एका डॉक्टरांनी मागवला. त्यांच्याकडं म्हणे जगभरातली तीनशे दीपगृहं आहेत. त्या दिवशी अण्णाप्पा गल्लीतून दोनदा विनाकारण गेला. चार महिन्यांत शंभर संपले.

आता ओतताना एक नग जादा ओतायचा ही फौंड्रीची रीत. एखाद्यात हवेचा फोड निघाला तर गिऱ्हाईक अडायला नको. अण्णाप्पानंही एक जादा ओतला होता, आणि शंभरात एकही वाईट निघाला नाही. तो जादाचा नग वितळवायचा होता. पण निर्दोष नग भट्टीत टाकायला त्याचा हात होईना, म्हणून कपाटामागं पडून होता.

नेमका तेव्हा बाळासो आला. त्याच्या मुलाचं, सम्राटचं, लग्न गडहिंग्लजच्या तेजस्वीशी ठरलं होतं. "पावण्यास्नी तुझा दिवा द्यायचा शब्द दिलाय मी."

"संपलं," अण्णाप्पा म्हणाला. "शंभर म्हंजे शंभर."

"शंभर ह्यो काय आकडा झाला व्हय रं? शून्यावर कोण थांबतंय? आहेर एकशेएक, देणगी एकशेएक, देवाला नारळ एकशेएक. शुभकार्याला तू शंभरावर थांबनार?"

अण्णाप्पा विचारात पडला. मी तिथंच होतो. मी स्पष्ट सांगितलं, की शंभर म्हणून कागदावर सही केली आहेस, हे चुकतंय. दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी सम्राटच्या लग्नात शिंकलोय. आणि अण्णाप्पानं कपाटामागचा नग काढला, फुंकर मारली, हातोडी घेतली आणि ठोकलं: १०१/१००. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नाही. शंभरावर एक, आपण देतो तसा.

दुसऱ्या दिवशी कागदावरचा दुसरा शब्द त्यानं अक्षरशः पाळला. लाकडी नमुना अंघोळीच्या बंबात घातला. म्हणजे घातला वहिनींनी. अण्णाप्पा पाठ फिरवून बसला होता आणि डोळे पुसत होता. मग बराच वेळ अंघोळ केली. इतकं महाग पाणी कोल्हापुरात आजवर कुणी अंगावर घेतलं नसेल.

लग्न झालं. बाळासोनं पाव्हण्यांना दीपगृह देतानाचा फोटो स्टेटसला टाकला, बुडाचा आकडा दिसेल असा. वर लिहिलं: 'जगात फक्त शंभर! त्यातला एकशेएकावा आमच्या पाव्हण्यांना!' हे लिहिताना त्याच्या डोक्यात एकही शंका आली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तो फोटो फिरत फिरत पुण्याला पोचला. आठवड्यात डॉक्टरांचं पत्र आलं. भाषा इतकी शुद्ध की वाचताना मला माझ्या मुख्याध्यापकांची आठवण झाली. 'शंभरांच्या आवृत्तीत एकशेएकावा असू शकतो, तर एकशेदोनावाही असू शकतो. ही संग्राहकांची फसवणूक आहे. सबब क्रमांक सातचा नग मी परत करू इच्छितो.'

अण्णाप्पानं ते मला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "परत?"

"हो."

"माझा नग?"

त्याचा चेहरा असा पडला की मला टोमणा मारवेना. दोन दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मी आयुष्यभर ज्या शांततेसाठी नवस बोललो होतो ती मिळाली आणि मला झोप येईना.

तिसऱ्या दिवशी तो पिशवी घेऊन दारात उभा. "चला. गडहिंग्लजला. त्यो एकशेएकावा आणायचा, भट्टीत टाकायचा, आन् डॉक्टरला लिवायचं की शंभरच हाईत."

"दिलेला आहेर परत मागणार तू?"

"मी न्हाय. तुमी इकत घ्यायचा. तुमी जमवनारं मानूस व्हायचं. पैसं माझं."

एसटीत पूर्ण वाट त्यानं मला पढवलं. पाच हजारांच्या वर जायचं नाही, ओळख द्यायची नाही, तो बाहेर टपरीवर थांबणार. तेजस्वीच्या माहेरचं मिरचीचं दुकान भर बाजारात. दुकानावर तिची आत्या झुंबरबाई बसते आणि त्या घरात तिचा शब्द शेवटचा. मी आत शिरलो आणि शिंकलो. दीपगृह गल्ल्याशेजारी होतं, हळदीकुंकू लावलेलं, वरच्या खोलीत एक पणती.

"पुसायचं हुतं," मी म्हणालो, "ही वस्तू विकणार का?" आणि शिंकलो. मला या नाटकात त्यांची बोली का सुचली, देव जाणे.

झुंबरबाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "किती देनार, पावणं?"

"तीन हजार."

"हं."

"चार." शिंक. "पाच."

बाई मिरच्या निवडत राहिली. पाचाच्या पुढं जायचं नव्हतं, म्हणून मी वळलो, तर दुकानाच्या दारात अण्णाप्पा. टपरी सोडून कधी आला कळलं नाही. नाकावर रुमाल, डोळ्यांत पाणी. मिरचीचं की कशाचं, कोण सांगणार. मला हातानं खुणा करत होता: वाढवा!

"सात," मी म्हणालो.

"वाढवा की, मास्तर!" अण्णाप्पाला राहवेना. "बोला, बोला!"

"आठ. नऊ." मी संतापलो होतो. हा माणूस स्वतःच्या पैशानं स्वतःचाच भाव चढवत होता, आणि प्रत्येक हजाराला त्याची छाती बोटभर फुगत होती. नग परत न्यायला आलोय हे तो साफ विसरला होता. "दहा हजार!" मी ओरडलो आणि एकदम चार शिंका दिल्या.

झुंबरबाईनं मिरच्या बाजूला सारल्या. "मास्तर, दहा द्या न्हाईतर पन्नास. ह्यो इकायचा न्हाय."

"का?"

"आमी आहेर करतो तवा शंभर रुपयं असत्यात पैसं, आन् वरचा एक असतोय मान. शंभरातला एखादा आला असता तर इकला असता. आमच्याकडं नुसता वरचा एक आलाय. मान इकतंय व्हय कोन?" मग तिनं दाराकडं बघितलं. "आन् त्ये तोंड झाकलेलं पावणं कोन? दिवा केलेलं कारागीरच न्हवं? लग्नात बघितलंय मी. आत बोलवा, जेवल्याबिगार जायाचं न्हाय."

आम्ही जेवलो. भाकरी, झणझणीत पिठलं, तोंडाला आग. अण्णाप्पा खाली मान घालून जेवत होता. परतीच्या एसटीत निपाणी मागं पडेपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, "दहा हजार, मास्तर."

"कुणी दिले?"

"दिलं न्हाईत. पर नगं म्हनली की!"

घरी येऊन त्यानं माझ्याकडून डॉक्टरांना पत्र लिहून घेतलं. शब्द त्याचे, ऱ्हस्वदीर्घ माझे. 'आपलं म्हणणं बरोबर आहे. शंभर म्हणून सही केली आणि एकशेएक दिले. चूक माझी. एकशेएकावा आता परत मागता येत नाही. सात नंबर पाठवावा, पैसे आणि टपालखर्च देतो.' गल्लीतही त्यानं सगळ्यांना सांगितलं, ज्याला परत करायचा असेल त्यानं आणावा. कुणीही आणला नाही. एकानं दाराला टेकण लावलं होतं, एकीनं लोणच्याच्या बरणीत कैऱ्यांवर वजन म्हणून ठेवलं होतं. उलट अकरा जणांनी येऊन हळूच विचारलं, एकशेदोनावा हाय का?

पार्सल सोमवारी आलं. अण्णाप्पा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला होता, आणि मीही बसलो होतो. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये. त्यानं चिकटपट्टी कापली, खोकं उघडलं, नग बाहेर काढून उलटा केला. ७/१००. पुण्यात राहूनही ओरखडा नव्हता.

"अडतीस वर्सं," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला बोलता येईना. मला त्या डॉक्टरांचा, बाळासोचा, पोर्तुगालचा, सगळ्यांचा राग आला.

चंदनावहिनी आतून पदराला हात पुसत आल्या. त्यांनी नग त्याच्या हातातून घेतला, पदरानं पुसला.

"आवो, शंभर केलं, एकशेएक केलं. बाळासोच्या पावण्यांस्नी दिलं. मला एक दिलं व्हतं का?"

अण्णाप्पानं नकारार्थी मान हलवली.

"मग परत कुठं आला? घरी आला की." आणि दीपगृह घेऊन त्या आत गेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत, चहासाखरेच्या डब्यांशेजारी, त्यांनी ते ठेवल्याचा आवाज भिंतीपलीकडून मला नंतर पुष्कळदा ऐकू आलाय. रोज उचलून पुसतात आणि परत ठेवतात.

अण्णाप्पा ओट्यावरचं ऊन सरकेपर्यंत खोक्यातला कागद वाचत बसला होता. शेवटी खिशातला रुमाल काढून त्यानं सावकाश नाक शिंकरलं. "मास्तर," तो म्हणाला, "माझा एक नग परत आला न्हाय."

"न्हाय आला," मी म्हणालो. माझ्याही तोंडात तेच आलं.

तेवढ्यात त्याला काहीतरी आठवलं आणि तो ताडकन उठला. कागद त्याच्या हातात होता, नग खिडकीत होता. "खोकं? खोकं कुठाय?"

परसातून वहिनींचा आवाज आला, की ओरडू नका, मेथी पेरली आहे.